घरच्या निखाऱ्यावर चिकन साते

चिकन साते घरी करायला घेतलं की आपला हात सवयीने टिक्क्याकडे वळतो. मोठे चौकोनी तुकडे, दही, लिंबू, आलं-लसूण, गरम मसाला आणि सोबत काहीतरी दाण्याचं. खायला ते चांगलंच लागेल, पण त्याला साते म्हणता येणार नाही. साते मूळची इंडोनेशियातली, जावा बेटावरची. तिथून ती मलेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये पसरली आणि १८९० पासून जावातून मजुरीसाठी नेलेल्या माणसांबरोबर थेट दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामपर्यंत गेली. गावोगावी तिचे मसाले बदलले, सॉस बदलला. पण काडीवर ओवलेलं मांस बारीक कापलेलं असतं, वाटणात गोडवा असतो आणि विस्तव मांसाच्या अगदी जवळ असतो, या तीन गोष्टी बहुतेक सगळीकडे सापडतात. घरी करताना याच तीन गोष्टी सांभाळायच्या आहेत. बाकीचं बहुतेक सामान आपल्या स्वयंपाकघरात आहेच: धणे, जिरं, हळद, गूळ, चिंच, शेंगदाणे. गवती चहासुद्धा अनेकांच्या कुंडीत असतो.

इथे दिलेली पद्धत मलेशियाच्या वळणाची आहे. क्वालालंपूरजवळचं काजांग हे गाव सातेसाठीच ओळखलं जातं. तिकडच्या चवीत धणे-हळद पुढे असतात आणि सॉस जाडाभरडा, तेलाचा लाल तवंग आलेला असतो. पहिल्यांदा करणाऱ्याने याच वाटेने जावं असं मला वाटतं, कारण यातलं जवळजवळ सगळं आपल्याकडे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतं.

आधी चिकन. छातीचं मांस घेऊ नका. एवढे बारीक तुकडे निखाऱ्यावर गेले की ते दोन मिनिटांत कोरडं पडतं आणि मग सॉस कितीही चांगला असला तरी घास कोरडाच लागतो. चिकनवाल्याला मांडीचं बोनलेस मागा. अर्धा किलो बोनलेस हवं असेल तर हाडासकट साधारण पाऊण किलो मांड्या लागतील. आपल्याकडे घरी न्यायचं चिकन बहुतेक वेळा कातडी काढूनच देतात. त्याला थोडी कातडी वेगळी द्यायला सांगा. तिचे नखाएवढे तुकडे मांसाच्या मधेमधे ओवले की काडी स्वतःच्याच चरबीत भाजते. ज्यांना कातडी चालत नाही त्यांनी ती सोडावी, पण भाजताना तेलाचा हात सढळ ठेवावा.

मांस फ्रीजरमध्ये अर्धा तास ठेवून जरा कडक झालं की कापा, सुरी सरळ चालते. तुकडा साधारण एक सेंटिमीटर जाड, दोन सेंटिमीटर रुंद आणि तीन-चार सेंटिमीटर लांब असावा. म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढा आणि त्याहून किंचित रुंद. हा आकार डोळ्यांना फारच लहान वाटतो. इतक्या बारीक तुकड्यांत पोट कसं भरणार, असं वाटून हात मोठे तुकडे करायला लागतो. तिथे थांबा. बारीक तुकड्याला कडा जास्त असतात, कडेला गूळ करपून खमंग होतो आणि आतलं मांस शिजायला वेळ लागत नाही. टिक्क्याच्या आकाराचा तुकडा आत शिजेपर्यंत बाहेरचा गूळ कोळसा झालेला असतो. एका काडीवर तीन-चार तुकडे, म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅम मांस बसतं. अर्ध्या किलोत वीस-बावीस काड्या होतात. चौघांना खाण्यापुरत्या त्या पुरतात, जेवण म्हणून करायचं असेल तर मांस एक किलो घ्या.

आता वाटण. यातला कळीचा पदार्थ गवती चहा. आपण चहात टाकतो ती पाती इथे उपयोगाची नाही. हवा तो मुळाजवळचा पांढरट, जाड दांडा. कुंडीत किंवा परसात झुडूप असेल तर एक फुटवा बुंध्याशी धरून जरा बाजूला वाकवून उपटा. भाजीवाल्याकडून घेत असाल तर बुडखा असलेली जुडी बघून घ्या. बाहेरची दोन-तीन कडक आवरणं सोलली की आत फिकट, जांभळट कडा असलेला गाभा दिसतो. त्याचा खालचा तीन इंचांचा भाग आडव्या चकत्या करून अगदी बारीक चिरा. हे चिरणं टाळून अख्खा दांडा मिक्सरमध्ये टाकलात तर त्याचे तंतू पात्याला गुंडाळतात आणि उरलेले खाताना दातात येतात.

अर्धा किलो मांसासाठी असे तीन दांडे, सात-आठ छोटे सांबार-कांदे किंवा एक मध्यम कांदा, तीन लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं घ्या. मूळ कृतीत आल्याबरोबर त्याच्या जातीतलं ओलं कुळिंजन असतं. मोठ्या शहरांत परदेशी भाज्या विकणाऱ्यांकडे ते मिळतं, मिळालं तर इंचभर घाला. काष्ठौषधींच्या दुकानातलं वाळलेलं कुळिंजन मात्र आणू नका, त्याला काढ्याचा वास येतो. टेबलचमचाभर धणे, चहाचा चमचाभर जिरं आणि अर्धा चमचा बडीशेप कोरडीच, मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून बारीक करा. सगळं एकत्र वाटताना पाण्याऐवजी दोन टेबलचमचे तेल घाला. पाणी घातलं की वाटण मांसावरून ओघळतं, तेल घातलं की धरून राहतं. मग एक चमचा हळद, दोन टेबलचमचे चिरलेला गूळ आणि चमचाभर मीठ मिसळा. ओली हळद मिळण्याच्या दिवसांत तिचं इंचभर कांड वापरा, रंग आणि वास दोन्ही बदलतात.

लिंबू, दही, व्हिनेगर यातलं काहीही घालायचं नाही. आंबट पदार्थ बारीक तुकड्यांत रात्रभर राहिला तर मांसाचा वरचा थर पिठूळ होतो. शिवाय सातेत आंबटपणा सॉसमधून येतो, तो मांसातच आला तर दोघांचं जमत नाही. तिखटही इथे नाही. गूळ जरा जास्त वाटला तरी कमी करू नका, रंग आणि खमंगपणा त्याच्यामुळेच येतो.

वाटण हाताने मांसाला चोळून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. चार तास तरी हवेत, रात्रभर राहिलं तर उत्तम. कच्च्या चिकनची पाटी, सुरी आणि भांडं लगेच साबणाने धुवा आणि त्या पाटीवर काकडी-कांदा चिरू नका.

मांस मुरतंय तोवर सॉस. याला सगळ्यात जास्त वेळ द्या. सातेचा सॉस म्हणजे काडीबरोबरची चटणी, अशा समजुतीने शेवटच्या दहा मिनिटांत पीनट बटरमध्ये सोया सॉस कालवला जातो. तो गुळगुळीत, टाळूला चिकटणारा लगदा होतो. त्यात भाजल्याचा वास नाही, दाताखाली येणारा कण नाही, आणि परतलेल्या मसाल्याचा गंधही नाही. ज्या घरात दाण्याचं कूट बरणीत कायम असतं, त्या घराला पीनट बटरची गरजच काय?

शेंगदाणा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. स्पॅनिश आणि पोर्तुगीजांच्या जहाजांमधून तो आशियात आला. म्हणूनच दाण्याशिवायच्या सातेही इंडोनेशियात आहेत. पश्चिम सुमात्रातल्या पाडांगची साते गोमांसाची, तिच्यावर तांदळाच्या पिठाने दाट केलेला, हळदीचा पिवळा सॉस ओततात. बालीत मासळीचा खिमा ओल्या खोबऱ्यात मळून गवती चहाच्या दांड्याभोवती थापतात. पण चिकन म्हटलं की बहुतेक ठिकाणी दाण्याचाच सॉस, आणि तो करताना आपल्याकडची कूट करण्याची सवय कामी येते.

दोनशे ग्रॅम शेंगदाणे घ्या. निवडताना सुरकुतलेले, काळसर डाग पडलेले, बुरशीचा संशय येणारे दाणे निर्दयपणे फेकून द्या. शेंगदाण्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि भाजल्याने ते पुरतं नष्ट होत नाही. एक खवट दाणाही सगळ्या सॉसची चव बिघडवतो, म्हणून दोन-चार दाणे चावून बघा. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजा, बारा-पंधरा मिनिटं तरी. आच मोठी केली की सालं डागाळतात आणि दाणा आतून कच्चा राहतो. एक दाणा फोडून बघा, आत फिकट बिस्किटासारखा रंग हवा. गार झाल्यावर चोळून सालं पाखडून टाका.

आता भरड. दाण्यांचा पाव भाग बारीक कूट करा, अगदी तेल सुटू लागेपर्यंत. उरलेला पाऊण भाग खलबत्त्यात, नाहीतर मिक्सर थांबवत-थांबवत फिरवून, बाजरीच्या दाण्याएवढा जाडसर ठेवा. बारीक कुटाने सॉसला दाटपणा येतो, जाड कणांनी चावायला मजा. दोन्ही हवेत. सगळंच बारीक केलं तर आमटी होईल, सगळंच जाड ठेवलं तर पाणी एकीकडे आणि दाणे एकीकडे राहतील.

मिरच्यांसाठी आठ-दहा ब्याडगी आणि तिखट हवं असेल तर दोन लवंगी किंवा संकेश्वरी. देठ आणि बहुतेक बिया काढून गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवा. सहा-सात छोटे कांदे, चार लसूण पाकळ्या, अर्धा इंच आलं, गवती चहाचे दोन दांडे आणि या मिरच्या यांचं गुळगुळीत वाटण करा. तिकडे या वाटणात तेरासी किंवा बेलाचान नावाचा, मीठ लावून आंबवलेल्या बारीक कोलंबीचा काळपट गोळा नखभर भाजून घालतात. तो बनतो बारीक कोलंबीच्या ज्या कुळापासून, त्याच कुळातला आपला जवळा. म्हणून कोकण-गोव्याकडच्या वाचकांनी चमचाभर सुका जवळा कोरडा भाजून वाटणात टाकून बघावा. आंबवल्याचा वास त्यातून येणार नाही, पण समुद्राकडची खारी, खोल चव येते. ज्यांच्या घरी सुक्या मासळीचा वास चालत नाही त्यांनी सोडून द्यावा. अनेकजण त्याशिवायही सॉस करतात.

कढईत अर्धी वाटी तेल गरम करा. हो, अर्धी वाटी. शेंगदाण्याचं असेल तर जास्त चांगलं. वाटण घालून आच मध्यमपेक्षा कमी करा आणि परतायला लागा. पहिल्या पाच मिनिटांत ते तेल सगळं पिऊन टाकतं आणि कढई कोरडी दिसते. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो आणि पाणी घातलं जातं. घालू नका. खरवडत, उलथत राहा. दहाव्या मिनिटाच्या सुमाराला कच्च्या कांद्याचा उग्र वास जाऊन गोडसर वास येऊ लागतो, वाटणाचा रंग विटकरीकडून गडद तांबड्याकडे जातो. पंधरा-वीस मिनिटांनी वाटण गोळा होऊन कढईच्या कडा सोडतं आणि त्याने प्यायलेलं तेल लाल होऊन बाजूने परत बाहेर येतं. रस्स्याचं वाटण परतणाऱ्या कुणालाही हे ओळखू येईल. सॉसची निम्मी चव याच वीस मिनिटांत तयार होते. इथे घाई केली तर पुढे गूळ-चिंच कितीही सांभाळली तरी कच्चेपणा मागे राहतो.

तेल सुटलं की दोन वाट्या पाणी, तीन टेबलचमचे चिंचेचा दाट कोळ, तीन ते चार टेबलचमचे गूळ आणि चमचाभर मीठ घाला. गुळाच्या जागी तिकडे ताडामाडाचा गूळ असतो. आपल्याकडे गोव्यात आणि कोकणात माडाचा गूळ मिळतो, तो हाताशी असेल तर तोच घाला, त्याची धुरकट चव दाण्याशी फार छान जुळते. एक उकळी आली की दाण्याची भरड घालून मंद आचेवर पंधरा मिनिटं रटरटू द्या. दाणे पाणी ओढून घेतात, म्हणून मधूनमधून ढवळा आणि बूड लागतंय का ते बघा. वर लाल तवंग आला की सॉस झाला. आता चाखा. जिभेला आधी गोड, मग आंबट लागलं पाहिजे, आणि तिखट घास गिळल्यावर जाणवलं पाहिजे. गोड अंगावर येत असेल तर चिंच वाढवा, गूळ काढता येत नाही. काडी बुडवून उचलली तर सॉस मांसाला धरून राहावा आणि एखादा थेंब खाली पडावा, इतका पातळ ठेवा. गार होताना तो आणखी आळतो.

थायलंडमध्ये याच सॉसमध्ये पाण्याऐवजी नारळाचं दूध असतं, चव मऊ होते, आणि सोबत काकडीचं आंबटगोड लोणचं देतात. जावाशेजारच्या मादुरा बेटाची तऱ्हा वेगळी. तिथे दाण्याच्या सॉसमध्ये केचाप मानिस, म्हणजे काकवीसारखा दाट गोड सोया सॉस ओततात, वरून कच्चा कांदा आणि मिरची. तो सॉस आपल्याकडे सहज मिळत नाही, पण अर्धी वाटी चांगला सोया सॉस आणि तेवढाच गूळ एका चक्रीफुलाबरोबर मंद आचेवर दाट होईपर्यंत आटवला की काम भागतं. सोया सॉस आधीच खारट असतो, त्या दिवशी दाण्याच्या सॉसमध्ये मीठ घालू नका.

काड्यांचं आता बघू. बांबूच्या पातळ काड्या आठ इंची घ्या आणि अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा. भिजवल्याने त्या जळत नाहीत असं नाही, फक्त उशिरा जळतात. इंडोनेशियात माडाच्या झावळीचे हीरही वापरतात, ज्यांचा आपण खराटा करतो तेच. परसात माड असेल तर हिरव्या झावळीचे ताजे हीर सोलून वापरायला हरकत नाही, मात्र बुडख्याकडचे जाड तेवढेच घ्या. लोखंडी सळ्या इथे नकोत. योग्याकार्ताजवळ मटणाची एक साते सायकलच्या तारांवर भाजतात, कारण तापलेली तार मांसाला आतूनही शिजवते. मटणाला ते हवंच असतं. बारीक कापलेल्या चिकनला आतून आच द्यायची गरज नाही.

मांस ओवताना तुकडा मधोमध टोचून मोकळा सोडू नका. लांबीच्या दिशेने दोनदा टोचा, शिवणीचा टाका घालतो तसा, म्हणजे तो काडीवर सपाट पसरतो आणि उलटताना गरगर फिरत नाही. काडीचं टोक मांसाखाली झाकून टाका, उघडं राहिलं तर तेच आधी पेटतं. तुकडे एकमेकांना चिकटून, काडीच्या वरच्या निम्म्या भागातच बसवा. खालचा निम्मा भाग हातात धरायला आणि विस्तवाबाहेर राहायला मोकळा हवा.

आता विस्तव. सातेची शेगडी अरुंद आणि लांब असते, पन्हळीसारखी. निखारे तळाशी, काड्या दोन्ही काठांवर आडव्या, त्यांची मुठीची बाजू बाहेर. सिंगापूरला लाउ पा सात नावाच्या जुन्या मंडईशेजारी बून टॅट रस्ता संध्याकाळी सातनंतर गाड्यांना बंद होतो आणि तिथे अशा शेगड्या ओळीने पेटतात. शेगडीवाल्याच्या एका हातात काड्यांची जुडी आणि दुसऱ्या हातात पंखा असतो. गच्चीवर किंवा अंगणात असं करायला विटांच्या दोन ओळी चार-पाच इंच अंतरावर मांडा, मधे निखारे. जाळी नकोच, गूळ लावलेलं मांस जाळीला चिकटून फाटतं.

लाकडी कोळसा पेटवल्यावर निदान वीस-पंचवीस मिनिटं थांबा. ज्वाळा बसल्या पाहिजेत आणि कोळशावर राखेचा पांढरा थर आला पाहिजे. ज्वाळांवर भाजलं की मांसावर काजळी बसते. निखारा आणि मांस यांत दोन-अडीच इंचांचं अंतर ठेवा. काडी ठेवल्यावर चरबी टपकते, धूर उठतो, तो मांसाला लागू द्या, पण ज्वाळा उठली तर काडी लगेच बाजूला घ्या. दर मिनिट-दीड मिनिटाने उलटा. सहा ते आठ मिनिटांत काम होतं. रंग सोनेरी, कडांना काळसर ठिपके, आणि दाबल्यावर तुकडा परत वर आला की झालं. मांस शिजलं की नाही याची शंका असेल तर सगळ्यात जाड तुकडा कापून बघा, गुलाबी झाक राहता कामा नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस दाखवला पाहिजे.

भाजताना दोनदा तेलाचा हात द्यायचा. त्यासाठी गवती चहाचा एक जाड दांडा घ्या, त्याचं बूड वरवंट्याने ठेचा, तंतू सुटले की त्याचाच कुंचला होतो. तो तेलात चमचाभर गुळाचं पाणी मिसळून त्यात बुडवा आणि काड्यांवर फिरवा. प्रत्येक फेरीला दांडा गरम होऊन वास सोडतो. नारळाचं दूध असेल तर तेलाबरोबर तेही चालेल. मांस मुरवलेल्या भांड्यातलं उरलेलं वाटण मात्र अजिबात लावू नका. त्यात कच्च्या चिकनचा रस असतो आणि शेवटच्या मिनिटात लावला तर त्याला शिजायला वेळ मिळत नाही.

कोळशाची शेगडी घरात, बंद बाल्कनीत किंवा खिडक्या लावलेल्या खोलीत कधीही पेटवू नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोळ्यांना तो दिसत नाही आणि माणूस झोपेतच दगावू शकतो. पाऊस आला म्हणून शेगडी आत घेतली, असंही करू नका. त्या दिवशी तवा वापरा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची अडचण मला ठाऊक आहे, म्हणून तव्याबद्दल जरा नीट सांगते. बिडाचा तवा सर्वांत चांगला, नॉनस्टिकवर रंग येत नाही. तवा मोठ्या आचेवर धूर निघेपर्यंत तापवा, मग मध्यमवर आणा आणि तेलाचा पातळ हात फिरवा. एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त काड्या ठेवू नका. गर्दी केली की मांसाला पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी उकडतं. पहिली बाजू दोन मिनिटं हलवू नका, गूळ करपून पापुद्रा धरला की काडी आपोआप सुटते. ओढून काढली तर पापुद्रा तव्यालाच राहील. एक घाणा झाला की तवा पुसून घ्या, तळाशी जळलेला गूळ पुढच्या घाण्याला कडू करतो. ओव्हन असेल तर नुसती वरची कॉइल चालू ठेवून २३० अंशांवर, अगदी वरच्या फळीवर दहा-बारा मिनिटं, मधे एकदा उलटून. काड्यांच्या मुठींना अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

सोबत काय? काकडीचे जाड तुकडे, कच्च्या कांद्याच्या फोडी आणि भाताच्या वड्या. तिकडे माडाच्या पात्यांच्या विणलेल्या पिशवीत तांदूळ शिजवतात, तो फुगून घट्ट दाबला जातो, मग त्याचे तुकडे करतात. घरी इंद्रायणी तांदळाचा मऊ भात करा, गरम असतानाच डावाने घोटा, तेलाचा हात लावलेल्या डब्यात दाबून भरा आणि वर केळीचं पान घालून जड वजन ठेवा. चार तासांनी पूर्ण गार झाला की सुरी पाण्यात बुडवत वड्या पाडा. इंद्रायणी चिकट असल्यामुळे वडी फुटत नाही. बासमतीचा प्रयोग करू नका. भातात मीठ नको, सॉस भरपूर चवीचा आहे. शिजवलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, सकाळी करून दुपारपर्यंत दाबला की संध्याकाळी वापरता येतो.

पाहुणे येणार असतील तर कामं वाटून घ्या. आदल्या रात्री मांस मुरवा आणि सॉस करून ठेवा, तो दुसऱ्या दिवशी आणखी मुरतो. सकाळी भात. संध्याकाळी ओवण्याला घरातल्या सगळ्यांना बसवा, वीस काड्या एकट्याने ओवायला बराच वेळ लागतो. भाजायला सुरुवात मात्र पाहुणे आल्यावरच. काडी निखाऱ्यावरून उतरली की पाच मिनिटांत तोंडात गेली पाहिजे, गार झाली की तिच्यातला गूळ चिवट होतो. सॉस कोमट असावा, उकळता नको. आणि पाहुण्यांना, विशेषतः लहान मुलांच्या आईवडिलांना, शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का हे बोलावतानाच विचारा. असेल तर सॉस वेगळ्या टेबलावर ठेवून भागत नाही, त्या दिवशी दाणेच वापरू नका. सोया-गुळाचा दाट सॉस, कांदा, मिरची आणि लिंबू एवढ्यावर साते छान लागते. त्या सॉसच्या बाटलीवरचा मजकूर तेवढा वाचून घ्या, आणि भाजताना शेंगदाण्याचं तेलही नको.

शाकाहारी मंडळी सोबत असतील तर त्यांच्यासाठी सॉस जवळ्याशिवायचा करा आणि टोफू किंवा पनीरचे तुकडे त्याच वाटणात तासभर मुरवून वेगळ्या तव्यावर भाजा. पनीर घट्ट हवं, मऊ पनीर काडीवरून निसटतं.

सॉस नेहमी उरतो, आणि तो उरावाच. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस चांगला राहतो. बाहेर काढल्यावर खडीसारखा घट्ट झालेला असतो, तेव्हा थोडं गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करा. इंडोनेशियात उकडलेली फरसबी, कोबी, बटाटा, मोड आलेले मूग, उकडलेलं अंडं आणि तळलेला टोफू एका ताटात मांडून त्यावर दाण्याचा सॉस ओततात, त्याला गाडो-गाडो म्हणतात. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला ते पुरेसं होतं. मुरवलेलं मांस उरलं तर ओवून, काड्या एकमेकांना चिकटणार नाहीत अशा ताटात पसरून गोठवा आणि गोठल्यावर पिशवीत भरा. महिनाभर चालतील. भाजायच्या आदल्या रात्री फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात आणा, ओट्यावर वितळवू नका.